बँकॉक चार रात्रींत: पटाया सोडा, नदी धरा

थायलंड म्हटलं की आपल्याकडे ठरलेलं पॅकेज असतं. दोन रात्री पटाया, दोन रात्री बँकॉक, मध्ये एक कोरल आयलंड, एक रत्नांचं दुकान (जेम्स गॅलरी) आणि शेवटच्या दिवशी मॉल. पटाया बँकॉकपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, जाण्यायेण्यात आणि हॉटेल बदलण्यात जवळजवळ एक अख्खा दिवस जातो आणि बँकॉकच्या वाट्याला दीड दिवस उरतो, तोही बसच्या खिडकीतून ट्रॅफिक बघण्यात. मला हे शहर मनापासून आवडतं आणि म्हणूनच आधीच स्पष्ट सांगते, हातात चार रात्री असतील तर पटाया सोडा. चारही रात्री बँकॉकला द्या, एकाच हॉटेलात राहा, बॅग एकदाच उघडा.

दुसरी गोष्ट, बँकॉकचा प्लॅन "टॉप टेन ठिकाणं" अशी यादी करून होत नाही. शहर अफाट पसरलेलंय, ऊन कडक, आणि संध्याकाळी चार नंतर रस्ते तुंबतात. इथे दिवसाचे पट्टे पाडायचे, म्हणजे एक दिवस नदीचा, एक दिवस कालव्याचा, एक दिवस मेट्रोच्या एका टोकाचा, आणि त्या पट्ट्याबाहेर त्या दिवशी जायचं नाही. हे एवढं पाळलं तर वयस्कर आईवडील आणि लहान मुलं बरोबर असली तरी निवांत फिरता येतं.

तारखा आणि वार कसे धरायचे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, हवा कोरडी असते आणि सकाळी चालवतं. मार्च ते मे भयंकर उकाडा, मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर दुपार पूर्ण एसीत घालवायची तयारी ठेवा, पण आंब्याचा सीझन तोच असतो हेही खरं. साधारण मे मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस, आपल्यासारखी दिवसदिवस झड नाही, बऱ्याचदा दुपारनंतर तासदोन तास धो धो आणि मग उघडीप. ऐन दिवाळीत जाणाऱ्यांनी छत्री टाकावीच. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, थाई नववर्ष, रस्त्यावर सगळे एकमेकांवर पाणी उडवतात, मजा जबरदस्त पण देवळं वगैरे शांतपणे बघायची असतील तर ते दिवस टाळा. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला, बहुतेक वर्षी आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्याच सुमारास, लॉय क्राथोंग येतं, लोक केळीच्या खोडाच्या होड्यांत दिवा ठेवून नदीत सोडतात. जमलं तर ते जरूर साधा.

वार महत्त्वाचे, याकडे कोणी बघत नाही. चातुचाक बाजार खऱ्या अर्थाने शनिवार-रविवारीच भरतो. नॅशनल म्युझियम सोमवार-मंगळवार बंद. यावरात म्हणजे चायनाटाउन, तिथल्या रस्त्यावरच्या बऱ्याच खाऊच्या गाड्या सोमवारी लागत नाहीत. म्हणून माझा आवडता हिशोब गुरुवारी सकाळी पोचायचं आणि सोमवारी निघायचं, चार रात्री मिळतात आणि शनिवार-रविवार मध्ये येतात.

कागदपत्रं

पासपोर्ट किमान सहा महिने व्हॅलिड हवा. भारतीय पासपोर्टवर जुलै २०२४ मध्ये ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश सुरू झाला, पण थायलंडचे व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या साइटवर आजची स्थिती स्वतः बघा, एजंटच्या व्हॉट्सॅप मेसेजवर विसंबू नका.

१ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, त्याला टीडीएसी म्हणतात. ते पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, थाई इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवर, आणि ते फुकट आहे. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या साइट्स त्याचे पैसे मागतात, तिथे कार्ड नंबर टाकायचा नाही. फॉर्ममध्ये पासपोर्ट, फ्लाइट नंबर, हॉटेलचा पत्ता लागतो, घरातल्या प्रत्येकाचं वेगळं, लहान मुलांचंही. भरून झालं की जो क्यूआर कोड येतो तो मोबाइलमध्ये ठेवा आणि एक प्रिंटही काढा. सोबत परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंगची प्रिंट असू द्या, इमिग्रेशनवाले विचारू शकतात. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच, तिथली प्रायव्हेट हॉस्पिटलं उत्तम आहेत पण बिलही तसंच येतं.

तिकीट आणि विमानतळ

मुंबईहून थेट फ्लाइट साधारण चार-साडेचार तासांची. पुणेकरांनी पुण्याहून थेट मिळतंय का ते आधी बघावं, मुंबईपर्यंतची टॅक्सी वाचते. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, तिकिटावर कुठलं लिहिलंय ते नीट वाचा, विशेषतः पुढे दुसरी फ्लाइट जोडलेली असेल तर, कारण दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत.

घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. आपल्याकडून रात्री निघणाऱ्या फ्लाइट्स तिथे पहाटे उतरतात आणि हॉटेलचा चेक-इन दुपारी दोनला असतो, मग माणसं बॅगा घेऊन लॉबीत पेंगत बसतात. त्याऐवजी हॉटेलला आधी मेल टाकून लवकर रूम मिळते का विचारा, नाहीतर बॅगा रिसेप्शनला ठेवून लुम्फिनी पार्कला जा. मोठं तळं, सकाळी व्यायाम करणारी मंडळी, आणि काठावर निवांत फिरणाऱ्या चांगल्या माणसाएवढ्या लांब घोरपडी! मुलं तिथून हलायला तयार होत नाहीत. त्या आपण होऊन अंगावर येत नाहीत, फक्त जवळ जायचं नाही आणि खायला घालायचं नाही.

सुवर्णभूमीवरून शहरात यायला एअरपोर्ट रेल लिंक सगळ्यात सोपी. तळमजल्याच्याही खाली स्टेशन आहे, पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालते, शेवटचं स्टेशन फया थाय, अर्ध्या तासात पोचता आणि तिकीट ४५ बाट. फया थायला बीटीएस मिळते, त्याआधी माक्कासानला एमआरटी, या शहरातल्या दोन मेट्रो. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर मात्र टॅक्सीच घ्या, पहिल्या मजल्यावर मशीनमधून स्लिप निघते, त्यावरच्या नंबरच्या लेनमध्ये जाऊन बसायचं. मीटरच्या रकमेशिवाय वेगळे ५० बाट एअरपोर्टचे आणि एक्सप्रेसवेचा टोल आपण द्यायचा, हा नियमच आहे, त्यावरून ड्रायव्हरशी वाद घालू नका.

पैसे

एक बाट म्हणजे साधारण पावणेतीन रुपयांच्या आसपास, मनातल्या मनात तीनने गुणा म्हणजे खर्च कमी धरला जाणार नाही. एटीएममधून काढलं तर तिथली बँक प्रत्येक वेळी दोनशेच्या वर बाट चार्ज लावते, म्हणून थोडं थोडं काढण्यात अर्थ नाही. थोडे बाट इथूनच न्या, बाकी फॉरेक्स कार्ड किंवा डॉलर, आणि डॉलर बदलायचे तर सुवर्णभूमीच्या रेल लिंक स्टेशनजवळच्या मनी चेंजर्सचा रेट वरच्या बँक काउंटरपेक्षा पुष्कळ चांगला असतो. रस्त्यावरच्या गाड्या, होड्या, मंदिरांची तिकिटं याला रोख लागतेच, म्हणून २० आणि १०० च्या नोटा कायम जवळ असू द्या.

कुठे राहायचं

इथेच ट्रिप बनते किंवा बिघडते. नियम एकच, बीटीएस किंवा एमआरटीच्या स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांत हॉटेल पाहिजे. तिथे गल्लीला सोई म्हणतात आणि काही सोई एक-दीड किलोमीटर आत जातात, हॉटेलच्या जाहिरातीत "स्टेशनजवळ" लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात उन्हात पंधरा मिनिटं चालावं लागतं, म्हणून मॅपवर स्वतः अंतर मोजा.

आपल्या पॅकेजवाल्यांची हॉटेलं बहुतेक प्रातुनामला असतात. स्वस्त आहेत, खाली भारतीय जेवण आहे, कपड्यांचा होलसेल बाजार आहे, पण रस्ता सदा तुंबलेला आणि बीटीएस थोडं लांब. फॅमिलीला मी आसोक सुचवेन, तिथे बीटीएसचं आसोक आणि एमआरटीचं सुखुमवित ही दोन्ही स्टेशनं एकमेकांना लागून आहेत, टर्मिनल ट्वेंटीवन मॉल समोर, आणि एक स्टेशन अलीकडे नाना, जिथे भारतीय हॉटेलं भरपूर. नानाच्या काही सोई रात्रीच्या बारसाठी प्रसिद्ध आहेत, मुलं बरोबर असली तर रूम तिथे नको. थोडा जास्त खर्च चालत असेल तर सफान ताक्सिन, खाली नदी, वर बीटीएस, शेजारीच साथोर्न धक्का. खाओ सानच्या बाजूला जुनं शहर चालत बघता येतं पण मेट्रो दूर आणि रात्री उशिरापर्यंत धिंगाणा, तरुण मंडळींना ठीक आहे.

फिरायचं कसं

बीटीएस ही वरून धावणारी, १९९९ पासूनची, तिच्या सुखुमवित आणि सीलोम या दोन मुख्य लाइन्स सियाम स्टेशनवर भेटतात. एमआरटीची ब्लू लाइन शहराच्या मध्यात जमिनीखालून जाते. दोन्हींची तिकिटं वेगळी, एकातून दुसऱ्यात जाताना बाहेर पडून पुन्हा आत जायचं. एमआरटीला आपलं कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड गेटवर टॅप करून चालतं, फक्त कार्डावर इंटरनॅशनल वापर चालू करून घ्या, आणि प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं. बीटीएसला रॅबिट कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून टॅप करायचं कार्ड, किंवा मशीनचं तिकीट.

पण खरी मजा पाण्यात आहे. चाओ फ्राया नदीत एक्सप्रेस बोटी चालतात, नारिंगी झेंड्याची बोट घ्या, कुठेही उतरा, तिकीट सोळा बाटच्या आसपास, स्थानिक लोक ऑफिसला जातात तीच. धक्क्यावर निळ्या झेंड्याच्या टुरिस्ट बोटीचे लोक तुम्हाला हाक मारतात, ती महाग असते, पण गर्दी कमी आणि बसायला जागा, त्यामुळे आजीआजोबा असतील तर तीच बरी. दुसरी म्हणजे ख्लोंग सेन सेप या कालव्यातली बोट, ती सुसाट जाते, पाणी उडतं, चढाउतरायला काही सेकंद मिळतात. धडधाकट माणसांनी जरूर करावी, गुडघेदुखीवाल्यांनी नको.

टॅक्सीत बसताना मीटर चालू करायला सांगा, ३५ बाटपासून सुरू होतो. नाही म्हणाला तर उतरा, मागून दुसरी येतेच. ग्रॅब आणि बोल्ट ही ॲप्स चालतात. टुकटुक एकदा हौसेनं करा, आधी भाव ठरवून.

पहिला पूर्ण दिवस: नदी, राजवाडा आणि भिंतीवरचं रामायण

सकाळी आठलाच निघा. ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनला तिकीटखिडकी बंद होते, पण दहानंतर टूर बसेस येतात आणि मग पाय ठेवायला जागा नसते. साथोर्नहून बोटीने था छांग धक्क्यावर उतरलात की पाच-सात मिनिटांवर गेट, किंवा एमआरटीने सनाम छाय. हे स्टेशन २०१९ मध्ये उघडलं, राजवाड्याच्या दरबारासारखं सजवलंय, पण तिथून पॅलेसचं गेट पंधरा-वीस मिनिटं चालत आहे, वात फो मात्र अगदी जवळ (वात म्हणजे मंदिर).

तिकीट ५०० बाट. कपड्यांच्या बाबतीत ते अजिबात सूट देत नाहीत, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हाफ पँट नको, बिनबाह्यांचं नको, वरून ओढणी टाकून चालेलच असं नाही. पंजाबी ड्रेस, कुर्ता-सलवार, साडी सगळं उत्तम चालतं आणि उन्हातही बरं पडतं.

गेटपाशी किंवा वाटेत एखादा गोड बोलणारा माणूस सांगेल की आज पॅलेस बंद आहे, पूजा आहे, मी तुम्हाला वीस बाटमध्ये दुसरी मंदिरं दाखवतो. पॅलेस सहसा बंद नसतो. तो टुकटुकने फिरवून शेवटी रत्नांच्या दुकानात नेतो आणि तिथे भलतंसलतं गळ्यात मारतात. हात जोडून पुढे चालू लागा, सरळ तिकीटखिडकीवर जा.

हा राजवाडा १७८२ मध्ये पहिला राम या थाई राजाने राजधानी नदीच्या या काठावर आणली तेव्हाचा. आवारातलं वात फ्रा केव हे मुख्य मंदिर, आतली पाचूच्या रंगाची बुद्धमूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटरची, उंच सिंहासनावर, तिचे पोशाख वर्षातून तीनदा ऋतू बदलला की स्वतः राजा बदलतो. आत फोटो काढायचे नाहीत.

पण माझी कळकळीची विनंती वेगळी आहे. मंदिराभोवती जी ओवरी आहे तिच्या भिंतींवर रामकियेन म्हणजे थाई रामायण चितारलंय, १७८ चित्रं, आणि नव्वद टक्के लोक तिथे फक्त सावलीसाठी उभे राहून पुढे जातात! आपण या गोष्टीवर वाढलोय, आपल्याला गाइडचीही गरज नाही, तासभर तिथेच द्या. पांढरा तो हनुमान, हिरवा दहा तोंडांचा तो थोत्सकान म्हणजे रावण, सेतू बांधणारी वानरं लगेच ओळखू येतात. मुलांना एकेक प्रसंग शोधायला सांगा. आणि फरकही दाखवा, आपला मारुती ब्रह्मचारी, इथला हनुमान सेतू बांधताना रावणाच्या जलकन्या असलेल्या मुलीच्या, सुवर्णमच्छाच्या प्रेमात पडतो. याच कथेवर खोन हे मुखवटे घालून करायचं नृत्यनाट्य आहे, २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. पॅलेसच्या तिकिटात खोनचा छोटा प्रयोग धरलाय का ते काउंटरवर विचारून घ्या, असेल तर सोडू नका.

तिथून वात फो, ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध. सगळे डोक्याकडचा फोटो काढतात, तुम्ही तळव्यांकडे जा, शिंपल्यांच्या जडावाची १०८ शुभचिन्हं आहेत. मागच्या बाजूला १०८ वाट्या ओळीनं ठेवल्यात, मूठभर नाणी घेऊन एकेक टाकत जायचं. थाई मसाज शिकवणारी जुनी शाळाही याच मंदिरातली, तिथे मसाज करून घेता येतो, बाहेरच्यापेक्षा थोडा महाग पण हात जाणत्यांचे असतात. मणक्याचा किंवा बीपीचा त्रास असेल तर सुरू व्हायच्या आधी सांगा.

एवढं होईस्तोवर एक वाजतो. आता हॉटेलवर परत जा. खरंच जा. बारा ते चार या वेळात बँकॉकमध्ये बाहेर फिरणं म्हणजे दुसऱ्या दिवशीची ताकद आज खर्च करणं. झोप काढा, मुलांना पूलमध्ये सोडा, आणि साडेचारला पुन्हा था तियन धक्क्यावर या. तिथून पाच बाटच्या होडीने पलीकडे वात अरुण. चिनी मातीच्या बशा-वाट्यांच्या तुकड्यांनी मढवलेलं शिखर, जवळ गेलं की एकेक फूल कळतं. पायऱ्या अरुंद आणि खड्या, उतरताना आडवं पाऊल टाका. सहाच्या सुमारास बंद होतं, मग पुन्हा अलीकडच्या काठावर येऊन सूर्य मंदिरामागे जाताना बघा. काठावरच्या कॅफेंत गच्चीवरची जागा हवी असेल तर आधी बुक करावी लागते, नसेल तर धक्क्यावरूनही चांगलं दिसतं.

दुसरा दिवस: कालवा आणि रात्री यावरात

सकाळी बीटीएसने नॅशनल स्टेडियम, चालत जिम थॉम्पसन हाऊस. हा अमेरिकन माणूस थाई रेशीम जगभर घेऊन गेला आणि १९६७ मध्ये मलेशियाच्या कॅमेरून हायलँड्समध्ये फिरायला गेला तो परत आलाच नाही, काय झालं ते अजून उलगडलेलं नाही. जुनी सागवानी घरं जोडून त्याने हे घर उभं केलं. पैठणी-येवला जवळून पाहिलेल्यांना इथलं रेशीम बघताना जास्त कळतं, आणि कालव्याच्या पलीकडची बान क्रुआ ही चाम मुस्लिम विणकरांची वस्ती, त्यांच्याच हातमागांवर हा सगळा धंदा उभा राहिला, हेही ध्यानात असू द्या.

घराजवळच्या हुआ छांग धक्क्यावरून सेन सेपची बोट पकडा आणि शेवटच्या फान फा धक्क्यापर्यंत जा. जिथे टॅक्सीला पाऊण तास लागेल तिथे दहा मिनिटांत पोचता. समोरच टेकडीवर वात साकेत, म्हणजे गोल्डन माउंट, तीनशेच्या वर पायऱ्या पण इतक्या बुटक्या की वयस्कर माणसंही थांबत थांबत चढतात. वरून जुनं शहर चारी बाजूंनी दिसतं. शेजारी लोह प्रासाद, ३७ धातूचे कळस असलेला, गर्दी जवळजवळ नसते. तिथून दहा मिनिटांवर वात सुथात आणि समोर लाल रंगाचा तो प्रचंड झोपाळ्याचा सांगाडा, आणि जवळच देवस्थान हे राजदरबाराच्या ब्राह्मणांचं मंदिर, शिव, गणपती, विष्णू तिथे आहेत.

दुपारी पुन्हा विश्रांती. किंवा जवळच्या फाहुरातला जेवा, तिथे शीख मंडळींचा मोठा गुरुद्वारा आहे आणि गल्लीत पंजाबी शाकाहारी जेवण मिळतं, कापडबाजारही तोच.

संध्याकाळी एमआरटीने वात मंगकोन, बाहेर पडलात की यावरात, चायनाटाउन. पाचच्या आत वात त्रैमित बघून घ्या. साडेपाच टनांची सोन्याची बुद्धमूर्ती, शेकडो वर्षं प्लास्टरखाली लपलेली, १९५५ मध्ये हलवताना प्लास्टर तडकलं तेव्हा कळलं की आत सोनं आहे. मग सातनंतर रस्त्यावर खायचं. एका गाडीवर पोट भरू नका, एक प्लेट दोघांत घेत पुढे सरका.

खाण्याचं, जरा सविस्तर

शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही पण शब्द पाठ करून जा. फक्त "व्हेज" म्हणालात तर समोरचा मटण-चिकन काढेल, फिश सॉस तसाच राहील, कारण नाम प्ला म्हणजे फिश सॉस त्यांच्या स्वयंपाकात आपल्या मिठासारखा पडतो, शिवाय कापी ही कोळंबीची पेस्ट करीत असते. म्हणायचं "किन जे". जे म्हणजे मांस-मासे-अंडी काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही, म्हणून जैन मंडळींना तर हा शब्द देवासारखा आहे. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ती खूण असलेली दुकानं शोधा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नऊ दिवसांचा जे सण असतो, कधी आपल्या नवरात्रात येतो तर कधी नंतर, तेव्हा यावरातभर पिवळे झेंडे लागतात आणि शाकाहाऱ्यांची चैन होते. अंडं चालणाऱ्यांनी "मांगसविरात" म्हणावं आणि जोडीला "माय साय नाम प्ला", फिश सॉस घालू नका. सोम ताम हे कच्च्या पपईचं सॅलड दिसायला शाकाहारी, पण त्यात सुकी कोळंबी आणि फिश सॉस दोन्ही असतात.

मांसाहाऱ्यांनी तीन शब्द: काय म्हणजे चिकन, मू म्हणजे डुक्कर, नुआ म्हणजे बीफ. जे खायचं नाही ते आधीच विचारा. बोट नूडल्सच्या रश्शात परंपरेनं रक्त घालतात, ते चालत नसेल तर दुसऱ्या नूडल्स घ्या. खाओ मन काय, म्हणजे चिकनच्या पाण्यात शिजवलेला भात आणि उकडलेलं चिकन, हे मुलांना हमखास आवडतं. तिखट नको असेल तर "माय फेत". आपण तिखट खातो या भरवशावर थाई तिखट मागवू नका, त्यांची बारीक मिरची वेगळ्याच जातीची.

मँगो स्टिकी राइस सीझनमध्ये खाल्लाच पाहिजे. मॉलमधले फूड कोर्ट स्वच्छ आणि स्वस्त, टर्मिनल ट्वेंटीवनचा पिअर ट्वेंटीवन तर फारच, तिथे कार्डात पैसे भरायचे आणि उरलेले परत घ्यायचे. नळाचं पाणी पिऊ नका.

तिसरा दिवस, आवडीप्रमाणे

शनिवार-रविवार असेल तर सकाळी नऊला चातुचाक, एमआरटीचं काम्फेंग फेत स्टेशन बाजारातच उघडतं. हजारो गाळे आहेत, जे आवडेल ते तिथेच घ्या, नंतर परत तो गाळा सापडत नाही. बारापर्यंत बाहेर पडा. समोरच ओर तोर कोर हा फळं-भाज्यांचा बाजार, तिथली फळं कापून मिळतात, भाव जास्त पण प्रत उत्तम.

बाजाराची आवड नसेल तर नदीपलीकडचं थोनबुरी. ब्लू लाइनने बांग फाय, तिथून चालत वात पाकनाम, ६९ मीटर उंच बुद्ध आणि बाजूच्या स्तूपात हिरव्या काचेचा आणखी एक स्तूप, छतावर रंगवलेलं आकाश. जवळच ख्लोंग बांग लुआंग, कालव्याकाठची लाकडी घरं, माशांना पाव घालायचे, कॉफी प्यायची, घाई नाही. मला स्वतःला हा अर्धा दिवस मॉलपेक्षा शंभर पटीनं मोलाचा वाटतो.

दाम्नोन सादुआक हे फोटोतलं तरंगतं मार्केट बँकॉकपासून शंभर किलोमीटरवर आहे, चार रात्रींत नको. त्याऐवजी इतिहासाची आवड असलेल्यांनी ट्रेनने अयुथ्थया करावं, ऐंशी किलोमीटर, १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली जुनी राजधानी, पण मग पूर्ण दिवस जाईल आणि चातुचाक बुडेल, दोन्ही कोंबू नका.

वागणूक आणि सावधगिरी

राजघराण्याबद्दल चेष्टा किंवा टीका नको, कायदा अतिशय कडक आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला पार्कात-स्टेशनात राष्ट्रगीत लागलं की जागच्या जागी थांबा. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नका, बायकांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे. गांजाची दुकानं दिसतील, त्यातलं काहीही, गोळी-बिस्किटसुद्धा, घेऊ नका आणि बॅगेत तर अजिबात नको. बँकॉकहून येणाऱ्यांकडून मुंबई विमानतळावर गांजा पकडल्याच्या बातम्या सतत येतात आणि आपल्याकडचा कायदा कुठली सबब ऐकत नाही. ओळखीच्या-अनोळखी कोणाचंही पार्सल "जरा नेता का" म्हणून घ्यायचं नाही.

निघायचा दिवस

संध्याकाळची फ्लाइट असेल तर सकाळी छित लोम स्टेशनजवळ एरावानचा चतुर्मुख ब्रह्मा, लोक नवस बोलतात आणि फेडायला थाई नर्तकींना नाचायला लावतात. तिथून चालत सेंट्रलवर्ल्डसमोर गणपती आहे, आपलं दर्शन होऊन जातं. बुद्धमूर्ती आठवण म्हणून घेतली असेल तर ती देशाबाहेर न्यायला ललित कला विभागाची परवानगी लागते, साध्या लॉकेटला नाही, त्यामुळे मूर्ती न घेतलेलीच बरी.

करी पेस्ट, बाम, सॉस सगळं चेक-इन बॅगेत, हँडबॅगेत शंभर मिलीच्या वर काही चालत नाही. ड्युरियन हे उग्र वासाचं फळ कुठेच नेऊ देत नाहीत, सुकवलेले वेफर्स घ्या. विमानतळावर तीन तास आधी पोचा, इमिग्रेशनला रांग असते, आणि ती संपल्यावर लगेच समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, देव-दानव, वासुकी, मधोमध विष्णू, सगळं. गेटचा नंबर आधी बघून घ्या, काही गेट तिथून पंधरा मिनिटं चालत आहेत.